साठ किलोचा माणूस

४ फेब्रुवारी १९७४, सोमवार

नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपलं नाव, उंची आणि वजन लिहायची माझी जुनी सवय आहे. सिद्राम, वय पंचेचाळीस, उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर, वजन साठ किलो. गेल्या वहीतही साठ, त्याच्या आधीच्या वहीतही साठ. नागूबाई म्हणते, हा नवरा आहे का वजनाचा दगड. म्हणू दे.

ही वही नवी पेठेतून आणली ती बिरप्पाचं वजन टिपायला. बिरप्पा माझा भाचा, मैंदर्गीच्या मायाक्काचा एकुलता एक. काल दोघं मायलेक वळकटी घेऊनच आले. आमच्या मिलच्या बंबखात्यात तीन जागा निघाल्या आहेत. कापूस म्हटला की आग आलीच, म्हणून मिलचा स्वतःचा बंब आहे आणि त्याला धट्टीकट्टी माणसं लागतात. परीक्षा बावीस एप्रिलला. जूनमध्ये बिरप्पाला पंचवीस पुरी होतात, त्यानंतर मिल घेत नाही. म्हणजे हीच एक खेप. नोकरी लागली की चाळीत खोली मिळते, आणि खोली मिळाली की मायाक्का दिराच्या घरातून सुटते. दाजी जाऊन बारा वर्षं झाली. त्या घरात तिला दुसरी भाकरी मागायची चोरी आहे. ती सांगत नाही, पण मला ठाऊक आहे.

सकाळी बिरप्पाला मिलच्या दवाखान्यातल्या काट्यावर उभा केला. भरतीच्या उमेदवारांची वजनं घेणं हे आमच्या टाइम ऑफिसचं काम, आणि अकरा वर्षं ते माझ्याकडं आहे. उंची एकशे सत्तर, वजन चौऱ्याऐंशी. काट्यामागच्या भिंतीवर उंची-वजनाचा तक्ता आहे, त्याला काच मीच बसवून घेतली. एकशे सत्तर उंचीला जास्तीत जास्त बहात्तर किलो. म्हणजे पोरगं बारा किलो वर.

मायाक्का दाराशी उभी होती. म्हणाली, "सिद्रामा, तुज्याच हातात हाय की रं समदं." आठाचा सात आणि चाराचा दोन करायला कितीसा वेळ लागतो? पण गेल्या साली हमाल कोंडीबाला तीन किलोसाठी याच हातानं परत पाठवला. तो गेटावर भेटला की अजून नमस्कार करतो. भाच्यासाठी पेन वाकडं केलं तर त्याला तोंड कसं दाखवू? तेव्हा वजनच उतरवायचं. अकरा आठवडे आहेत.

११ फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्यात नवे डॉक्टर आले आहेत, मानसिंग. मिरजेला शिकलेले, तिशीचे, आवाज मोठा. आल्या आल्या तक्त्यापुढं उभे राहून हसले आणि म्हणाले, हा कुणाच्या आजोबांचा? मला लागलं ते. पण माणूस हुशार आहे. त्यांनी मला एक नवं गणित शिकवलं. किलोतलं वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीनं भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनं भागायचं. पंचविसाच्या पुढं गेलं की साधारण जड समजायचं. अमेरिकेत दोन वर्षांपूर्वी याला नावसुद्धा मिळालं आहे म्हणे.

माझा आकडा बावीस आला. डॉक्टर म्हणाले, उत्तम. मग नाव न सांगता बिरप्पाचा काढला, एकोणतीस. डॉक्टरांनी विचारलं, हा माणूस करतो काय? कुस्ती, म्हटलं. तर म्हणाले, मग याच्यावर जाऊ नका. हा आकडा हजार माणसांची पाहणी करायला चांगला, पण एका माणसाच्या अंगात मांस किती आणि चरबी किती हे तो सांगत नाही. त्यासाठी चिमटा लागतो, मुंबईहून मागवलाय, आला की त्याला माझ्याकडं पाठवा.

डॉक्टर लोकांना प्रत्येक गोष्टीला 'पण' जोडायची खोड असते. बिरप्पाला मी पाठवणार नाही. भाचा आहे हे कळलं की सगळी मिल म्हणेल, सिद्रामनं वशिला लावला.

१६ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर सगळ्यांचे आकडे काढतोय. मॅनेजरसाहेब सत्तावीस, गेटवरचा शिपाई एकोणीस. नागूबाईचा सव्वीस आला. ती तीन दिवस बोलली नाही, आणि चौथ्या दिवशी बोलली तेव्हा न बोललेली बरी होती असं झालं. वाइंडिंग खात्यात दिवसभर उभी राहून काम करणारी बाई, तिला जड म्हणणं शोभत नाही, हे मलाही कळतं. पण आकडा म्हणजे आकडा.

आज रावजी जमादार येऊन गेले. बंबखात्याचे मुख्य. म्हणाले, यंदाबी तुमीच ना? आमच्याकडं परीक्षेची रीत अशी आहे की उमेदवारानं एक जिता माणूस खांद्यावर टाकून सूतखात्याच्या बाहेरचा लोखंडी जिना चढायचा, बत्तीस पायऱ्या, आणि खाली येऊन चुन्याच्या रेघेवर ठेवायचा. वाळूचं पोतं चालत नाही, कारण आगीत पोती नसतात, माणसं असतात. तो खांद्यावरचा माणूस अकरा वर्षं मी आहे. बरोबर साठ किलो, ना कमी ना जास्त. जमादार मला मापाचा माणूस म्हणतात. लोक हसतात, पण मला त्याचा अभिमान आहे. साहेबांच्या खुर्चीला नसेल एवढी माझ्या अंगाला या मिलमध्ये पत आहे.

बिरप्पाचा खुराक बंद केला. दूध, बदाम, मटण, सगळं. सकाळी एक भाकरी आणि रात्री अर्धी. "व्हय मामा," म्हणाला. गुणाचं पोर आहे.

१ मार्च, शुक्रवार

बिरप्पा एक्क्याऐंशी. फार हळू उतरतंय.

यंदा ऊन लवकर आलं. मी दिवसात माठ रिकामा करतो. सारखं टेबलावरून उठावं लागतं, मोठे कारकून घड्याळ बघतात. इतकं पाणी प्यायल्यावर जावं तर लागणारच. शिवाय घरी मोरीत मुंग्यांची रांग लागली आहे. नागूबाई गूळ सांडते आणि पुसत नाही. सांगितलं तर म्हणते, मोरीत गूळ कोन नेतंय?

१० मार्च, रविवार

आज बिरप्पाला तीन चादरी गुंडाळून उन्हात पळवला. ही युक्ती मिलमधलीच. दमट सूत काट्यावर जड लागतं, म्हणून वजनाच्या आधी उन्हात टाकतात. माणूस तरी वेगळा काय, अंगातलं पाणी गेलं की हलका होतोच. मैदानावर पोरं जमली, कुणी म्हणालं गादी पळतीया. बिरप्पा पळत राहिला. तालमीतलं पोर, सांगेल ते करतं.

मीही सोबत झाडाखाली बसून होतो, आणि गंमत म्हणजे माझंही वजन उतरलं. साडेसत्तावन्न. काही न करता! पंचेचाळिशीत लोकांना ढेऱ्या सुटतात. ढेरी थोडी मलाही आहे, पण ती बसून काम केल्यानं. काटा तर खाली चालला आहे. बिरप्पाला म्हटलं, बघ, मनावर घेतलं की कसं होतं. तो चादरी पिळत होता.

२४ मार्च, रविवार, पाडवा

नागूबाईनं पुरणपोळ्या केल्या. बिरप्पाच्या ताटात मी एकच वाढू दिली, तीही बिनतुपाची. मायाक्का मैंदर्गीहून आली होती, तिनं आपली पोळी मोडून त्याच्या ताटात सरकवली. मी बघितलं आणि उचलली. "साकु," बिरप्पा तिला म्हणाला, पुरे. घरी मायलेक कधी कधी कन्नड बोलतात. मायाक्का मग जेवली नाही. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण हे मी कुणासाठी करतोय?

मी स्वतः सात पोळ्या खाल्ल्या. अलीकडं भूक फार लागते, त्यातून गोड दिसलं की हात आवरत नाही. नागूबाई माझ्याकडं टक लावून बघत होती. म्हणाली, "येवडं खाताय ते जातंय कुटं? सदऱ्यात दोन मानसं मावत्याल आता." बायकांना नवरा जाड झाला तरी त्रास, बारीक झाला तरी त्रास.

२५ मार्च, सोमवार

सात पोळ्या खाऊन माझं वजन छप्पन. काटा दोनदा तपासला, बरोबर आहे.

आनंद व्हायला हवा, पण चैन पडत नाही. मापाचा माणूस छप्पनचा झाला तर माप कुठं राहिलं? चार किलोची सूट उमेदवारांना फुकट मिळेल, आणि त्या उमेदवारांत माझा भाचा आहे. कुणाला कळणार नाही. काट्याशी मीच असतो. पण कुणाला कळणार नाही म्हणून खोटं चालवायचं असेल तर मग त्या दिवशी आठाचा सातच का नाही केला?

६ एप्रिल, शनिवार

डॉक्टरांचा चिमटा आला. पितळी, त्याला घड्याळासारखी तबकडी. कातडी चिमटीत धरायची, हा लावायचा, खालच्या चरबीची जाडी कळते. सवय करायला कुणी तरी हवं म्हणाले. मी सदरा काढून उभा राहिलो. नमुना म्हणून माझ्याइतका योग्य माणूस दुसरा कोण?

दंडाच्या मागं, पाठीच्या फऱ्याखाली, कमरेच्या वर असे चिमटे घेतले. मग कागदावर गणित केलं, परत चिमटे घेतले, परत गणित केलं. वजन विचारलं. नोंद साठची आहे म्हणून साठ सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या अंगात चरबी अठ्ठावीस टक्के आहे. हातपाय काटक्या आणि सगळा साठा पोटाशी. तुमचा बाविसाचा आकडा वरून छान आहे, पण आत मांस कमी आणि चरबी जास्त. मग एकदम विचारलं, तहान फार लागते का? म्हटलं, सोलापुरात एप्रिलमध्ये कुणाला लागत नाही? म्हणाले, उद्या सकाळी लघवी बाटलीत घेऊन या.

चिमटा बिघडलेला असणार. वाटेत आपटला असेल. छप्पन किलोच्या माणसात अठ्ठावीस टक्के चरबी, हे काय गणित झालं? बाटली वगैरे नेणार नाही. परीक्षा सोळा दिवसांवर आली आणि बिरप्पा अजून शहात्तर आहे.

१४ एप्रिल, रविवार

नागूबाईशी मोठं भांडण झालं. बिरप्पा नळावरून दोन बादल्या घेऊन येताना उंबऱ्यावर बसला. नुसत्या दोन बादल्या. नागूबाईनं कळशी आपटली.

"फोल्डिंगात पंधरा वर्सं कापड तोललंत तुमी," ती म्हणाली. "खळीचं ठाण जड लागतंय, म्हनून त्यात सूत जास्त असतंय व्हय? कोपरा धुऊन बगत होता की नाई? मग ह्या पोराचा कोपरा धुऊन बगितला का कदी?"

खरं आहे, तेव्हा मी कुणाच्या वजनावर जात नसे. कापडाचा कोपरा गरम पाण्यात चोळायचा, खळ निघून गेली की खरं सूत किती ते हाताला कळतं. त्यावरून मी दोन व्यापाऱ्यांची तोंडं बंद केली होती. पण कापड आणि माणूस एक नव्हे. मी तिला फार बोललो. हल्ली लवकर डोकं फिरतं. हात थरथरतात आणि चष्म्यातून तक्त्यातले आकडे पुसट दिसतात. काच पुसायला हवी.

बिरप्पा चौऱ्याहत्तर.

२१ एप्रिल, रविवार

बिरप्पा त्र्याहत्तर. उद्या सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. तो भिंतीला टेकून बसला आहे. गालफडं बसली आहेत, पण तक्त्यात बसेल.

मी चोपन्न. दुपारी फोल्डिंग खात्यातून दोन-दोन किलोची तीन लोखंडी वजनं आणली. नागूबाईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीत शिवून दोन्ही कुशींना बांधायची, वरून कोट. कोट ढगळ झालाच आहे. चोपन्न आणि सहा साठ. माझ्या भाच्याला मी सहा किलोची सूट दिली असं कुणाला म्हणता येणार नाही. मला स्वतःलाही नाही.

२२ एप्रिल, सोमवार

बिरप्पा एकाहत्तर किलो नऊशे. मी आनंदानं त्याच्या नावापुढं ते ठळक लिहिलं.

आणि मग सगळं गेलं. आधीचे सातजण मला घेऊन चढले-उतरले. बिरप्पाची पाळी आठवी. दोन महिन्यांपूर्वी यानं मला एका हातानं उचललं असतं. आज खांद्यावर घेतानाच त्याचे गुडघे हलले. बारा पायऱ्या चढला. तेराव्या पायरीवर मला त्याची धाप माझ्या पोटात जाणवली. त्यानं मला अलगद पायरीवर ठेवलं आणि मग स्वतः पडला.

जमादारांनी शिट्टी वाजवली. मायाक्का गेटाबाहेर बसली होती. मला बघून तिनं पदर तोंडावर घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच्या खांद्यावर काळानिळा चौकोनी वण उठला आहे. कठडा लागला म्हणाला. वजन बरोबर होतं. मग काय चुकलं?

२४ एप्रिल, बुधवार

डॉक्टर चिडले आहेत. बिरप्पा माझा भाचा हे त्यांना जमादारांकडून कळलं. त्यांनी त्याला बोलावून माझ्यादेखत चिमटे घेतले. नऊ टक्के.

"सिद्रामराव, या पोराच्या अंगावर काढायला चरबी नव्हतीच," ते म्हणाले. "तुम्ही उतरवलंत ते मांस. खळ राहिली बाजूला, सूत धुऊन टाकलंत." नागूबाईनं जाऊन सांगितलं असणार, नाही तर डॉक्टरांना खळ कुठून माहीत.

मी म्हटलं, तक्ता? तर म्हणाले, तक्ता वजन सांगतो आणि तो नवा आकडाही वजनच सांगतो, जरा नीटनेटकं करून. वजन कशाचं आहे हे दोघांनाही ठाऊक नसतं. पुढं म्हणाले, तुमच्या अंगात याच्या तिप्पट चरबी आहे, आणि ती बाटली अजून आली नाही. पोराचं वाटोळं केलं ते केलं, त्यात माझ्या बाटलीचं काय?

कोंडीबाही आठवला. तीन किलो.

३ मे, शुक्रवार

देव आहे. निवडलेल्या तिघांतल्या एकाला दुसरीकडं नोकरी लागली, तो येत नाही म्हणाला. बिरप्पाची परीक्षा पुन्हा घ्या म्हणून रावजी जमादार स्वतः मॅनेजरांकडं गेले. डॉक्टरांनी बिरप्पाच्या फॉर्मवर लिहून दिलं की उमेदवाराचं वजन स्नायूंचं आहे, तक्ता लावू नये. हे आधी का नाही झालं? कारण मी त्याला पाठवलं नाही. माझ्या इमानदारीचं मला फार कौतुक होतं. डॉक्टरांनी फेब्रुवारीतच त्याला पाठवा म्हटलं होतं आणि मी वशिल्याला भ्यालो. इथं लिहितो, कारण मायाक्काला तोंडानं सांगायचा धीर नाही.

परीक्षा तेरा तारखेला. नागूबाई त्याला दिवसातून चारदा जेवायला घालते. मला विचारत नाही, आणि मीही काही म्हणत नाही. पोर परत हसायला लागलं.

१२ मे, रविवार

रेल्वेचा संप चालू आहे, मैंदर्गीजवळच्या दुधनीची गाडी बंद. मायाक्का एसटीत उभी राहून आली. बिरप्पा एकोणऐंशी, आणि यावेळी मी त्याला काट्यावर नुसता हौसेनं चढवला.

मी पन्नास. आता पाच वजनं लागतील. पट्टी रुंद करून घेतली. दोन दिवस उलटीसारखं होतंय, तोंडाला कोरड, पाय जड. पन्नास किलोच्या माणसाचे पाय जड कसे होतात कोण जाणे. ऊन लागलं असेल. जमादारांना सांगितलं तर ते दुसरा माणूस घेतील, मग माप बदललं म्हणून कुणी तरी बोट दाखवील. पोरासाठी एवढं तरी मला नीट करू दे. उद्याचा एक दिवस.

१८ मे, शनिवार

सरकारी दवाखान्यात आहे. आज प्रथमच पेन धरता आलं. जे आठवतं ते लिहितो, बाकीचं नागूबाई आणि जमादारांकडून ऐकलेलं.

तेरा तारखेला आठ वाजता मी चुन्याच्या रेघेवर उभा होतो. पाच वजनं कोटाखाली. बिरप्पानं वाकून मला खांद्यावर घेतलं आणि यावेळी मला त्याच्या गुडघ्यात काही जाणवलं नाही, तो सरळ चालायलाच लागला. पायऱ्या मोजायचं ठरवलं होतं. सतरापर्यंत मोजल्या. मग लोखंडी जाळीतून खालचं पटांगण पांढरं दिसायला लागलं आणि मला वाटलं, थोडं डोळे मिटू.

पुढचं जमादार सांगतात. बिरप्पा वर पोचला, तिथं क्षणभर थांबला, मला हाक मारली. मग खाली आला तो धावतच. रेघेवर जमादार शिट्टी घेऊन उभे होते. बिरप्पा रेघ ओलांडून पुढं गेला. जमादार ओरडले की ठेव, ठेव, झालं. तो गेटातून बाहेर पडला आणि मला तसाच खांद्यावर घेऊन इथवर पळत आला. मैलभर तरी असेल. टांगा थांबवायचंही त्याला सुचलं नाही.

इथं नर्सबाईंनी कोट काढला तर आत लोखंड. त्यांना वाटलं हा जीव द्यायला निघाला होता. पाचही वजनं अजून खाटेजवळच्या स्टुलावर आहेत.

मानसिंग डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि उकळलं. निळं होतं ते विटेसारखं लाल झालं. साखर. कधीपासूनची कोण जाणे. म्हणाले, पाणी प्यायचात ती तहान उन्हाची नव्हती, आणि वजन उतरत होतं ते मनावर घेतल्यामुळं नव्हतं. चिमटा बिघडला नव्हता. आता रोज सुई, गोड बंद.

मोरीतल्या मुंग्या मला तेव्हा आठवल्या. नागूबाईनं गूळ सांडला नव्हता. मी तिला तसं म्हणालो आणि रडलो. ती म्हणाली, गप बसा, आन दूद प्या, बिनसाखरेचं.

१९ मे, रविवार

सकाळी रावजी जमादार आले. बिरप्पाची परीक्षा कशी नोंदवायची यावर मिलमध्ये वाद झाला. नियमानं माणूस रेघेवर ठेवायचा होता आणि त्यानं ठेवला नाही. जमादारांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'माणूस दवाखान्यात पोचवला.' मॅनेजरसाहेबांनी त्याखाली सही केली. एक तारखेपासून कामावर. मायाक्का चाळीतली खोली बघायला गेली आहे. दार पश्चिमेला आहे, ऊन येईल, असं ऐकलं म्हणून निघतानाच कुरकुरत होती. तिला कुरकुरताना मी बारा वर्षांनी ऐकलं. जमादार निघाले तेव्हा त्यांना म्हटलं, कोंडीबा गेटावर भेटेल, त्याला एकदा डॉक्टरांच्या चिमट्यापुढं पाठवा.

दुपारी बिरप्पा एकटाच बसला होता. मी त्याला विचारलं, वर पोचल्यावर तू का थांबलास? त्यानं स्टुलावरचं एक वजन उचललं, हातात फिरवलं.

"मामा, मागच्या बारीलाच खांद्याला लोकंड लागलं हुतं," तो म्हणाला. "मी म्हनलं, मामाचं कायतरी मापाचं आसंल, इचारू कशाला. पर कुस्तीत समोरच्याचं वजन हाताला कळतंय. ते हालतंय. चढताना तुमी हालत हुता, कन्हत हुता. वर गेल्यावर तुमी बी लोकंडावानी गप झाला. मग मला शिट्टी ऐकू आली न्हाय."

मी त्याला म्हटलं, मी तुला उपाशी मारलं रे. तो म्हणाला, व्हय की, लई मारलं, आणि हसला. मग त्यानं माझ्या पाठीखाली हात घालून मला उठवून बसवलं. नर्सबाई काटा घेऊन आल्या होत्या. त्यांनी आकडा सांगितला. मी तो वहीत लिहायला पेन उघडलं, आणि बिरप्पाला म्हटलं, राहू दे, आधी पाणी दे.